पालकाचा हिस्सा

मानपाडा, डोंबिवली पूर्व
८ जानेवारी २०२३

टिपणीस साहेब,

नमस्कार. तुमच्या साह्य निधीच्या नियमात लिहिलंय की पालकाने दर सहा महिन्यांनी स्वतःच्या हाताने पत्र लिहायचं. म्हणून लिहिते. मला हा नियम पटलेला नाही. फोन आहे की. मी पाचवी शिकले. त्यानंतर सही आणि रेशनचा फॉर्म सोडून काही लिहिलेलं नाही. या पानाला मला दोन संध्याकाळी लागल्या.

विचारलंय ते सांगते. मी बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावते, आंघोळ घालते, शेक देते, पोट बांधते. अठरा वर्षं झाली. आई आणि बाळ मिळून दिवसाचे सहाशे, चाळीस दिवस. काम बारा महिने नसतं. आमचे हे एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत होते. कंबर गेली, आता घरी आहेत. एकच मुलगी, ऐश्वर्या. तिला ठाण्याला फिजिओथेरपीला ॲडमिशन मिळाली. साडेचार वर्षं. फी वर्षाला दोन लाख दहा हजार. त्यातले सत्तर तुम्ही देणार, बाकीचे माझे. शिवाय पांढरे कोट, पुस्तकं, हाडांचा एक खोका. हाडं प्लास्टिकची आहेत आणि तरी चार हजारांची आहेत.

मुलाखतीत तुमच्या त्या चष्मेवाल्या बाईंनी विचारलेलं, "मालिशच करायची तर आईकडून शिक, एवढी फी कशाला?" तेव्हा मी गप्प बसले, कारण चेक मिळायचा होता. आता सांगते. टॉवरमधे मला सामानाच्या लिफ्टने वर पाठवतात. तिला दुसऱ्या लिफ्टने पाठवतील. त्याचे आहेत हे पैसे.

पत्र आवडलं नाही तरी सत्तर हजार थांबवू नका.

गोदूबाई उत्तम भालेकर


टेंभी नाका, ठाणे
२१ जानेवारी २०२३

सौ. गोदूबाई भालेकर यांस सप्रेम नमस्कार.

आपले पत्र पोहोचले. ते मला अतिशय आवडले. फोनवर बोललेले दप्तरात राहत नाही, म्हणून हा पत्रांचा नियम मी तीस वर्षांपूर्वी केला. बहुतेक पालक शेजारच्या मुलाकडून सुवाच्य पत्र लिहून आणतात. आपण स्वतः लिहिलेत याचे समाधान वाटले.

दुसऱ्या नियमाचे स्मरण देतो. पालकाने आपला हिस्सा महाविद्यालयात भरून त्याची पावती ३१ ऑगस्टपर्यंत आमच्याकडे आणावी, त्यानंतरच निधीचा धनादेश निघतो. पालकाचा हात लागला की शिक्षणाची किंमत राहते, अशी त्यामागची कल्पना आहे. तारखेला सवलत दिली जात नाही.

आपल्या घरी परंपरा आणि शास्त्र एका छपराखाली नांदत आहेत. आईचे हात आणि मुलीचे ज्ञान! आमच्या वार्षिक अहवालात आपणा दोघींवर चार ओळी लिहाव्यात असा विचार आहे.

आपला,
हरिहर टिपणीस
कार्यवाह


मानपाडा
१६ जानेवारी २०२४

टिपणीस साहेब,

अहवालात काय लिहायचं ते लिहा, फोटो नको. माझे दात बरोबर नाहीत.

ऐश्वर्या पहिल्या वर्षात सगळ्या विषयांत पास झाली, तुम्हाला मार्कलिस्ट पाठवलेली. दुसरं वर्ष चालू आहे. पहिल्या वर्षी मेलेल्या माणसांवर शिकवलं. पहिल्या दिवशी जेवली नाही, दुसऱ्या दिवशी दोन चपात्या जास्त खाल्ल्या. घरी बापाला पलंगावर टाकते आणि गुडघा किती वाकतो ते पट्टीने मोजते. ते हलले की ओरडते. ते म्हणतात, "मला फुकटचा पेशंट केलाय." पण खरं सांगते, त्यांची कंबर थोडी सुटली आहे. आता चहाचं पातेलं स्वतः उतरवतात.

मलाही शिकवायला लागली आहे. आई, बाळाचं नाक ओढायचं नाही. आई, टाळू दाबायची नाही. मी म्हटलं, "तुझं नाक मीच ओढलंय, वाईट आहे का?" तर म्हणते, "ते बाबांचं आहे, तू ओढलं म्हणून आलेलं नाही." अशी उलटी बोलते. पण तिची आजी सांगायची त्याला मी कधी का विचारलं नाही, आणि ही प्रत्येक गोष्टीला का विचारते. तुमच्या सत्तर हजारांत का विचारायला शिकवतात बहुतेक.

आधी चार घरं करायचे, आता सहा करते. पहाटे पाचला निघते. अंगठे रात्री ठणकतात. ते तिला सांगितलेलं नाही, नाहीतर माझ्यावर पण पट्टी घेऊन बसेल.

गोदूबाई


टेंभी नाका, ठाणे
२ ऑक्टोबर २०२४

सौ. गोदूबाई यांस,

जुलैचे पत्र आले नाही, हे आपल्याबाबत प्रथमच घडले. तिसऱ्या वर्षाच्या शुल्काची पावती मात्र ३० ऑगस्टला वेळेवर मिळाली व धनादेश काढला आहे.

निधीचा वार्षिक मेळावा दिवाळीनंतर आहे. आपला व चि. ऐश्वर्याचा व्यासपीठावर सत्कार करण्याचे ठरले आहे. कृपया येण्याचे निश्चित कळवावे.

हरिहर टिपणीस


मानपाडा
१९ ऑक्टोबर २०२४

टिपणीस साहेब,

जुलैचं पत्र राहिलं. कामं होती.

मेळाव्याला येणार नाही. ऐश्वर्या पण येणार नाही. ती सध्या वागळे इस्टेटला सान्वी म्हणून मैत्रीण आहे, तिच्याकडे राहते. जाण्यायेण्यात वेळ जातो म्हणून.

ऑगस्टमधे माझ्या कामावरची एक बाळंतीण गेली. सोळा दिवसांची. हार्ट अटॅक आला. तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. फी भरली आहे, पावती तुमच्याकडे आहे. अजून काय लिहू.

गोदूबाई


टेंभी नाका, ठाणे
२५ नोव्हेंबर २०२४

सौ. गोदूबाई यांस,

आपल्या कामावरील दुर्दैवी घटनेबद्दल वाईट वाटले. आपण मायेने काम करता, म्हणून आपल्याला ते इतके लागले.

आज एका वेगळ्या कारणाने लिहीत आहे. गेल्या मंगळवारी चि. ऐश्वर्या कार्यालयात आली होती. तिने एकच प्रश्न विचारला, "या वर्षीचे पैसे परत कसे करायचे?" मी हसून म्हटले, "अगं, नोकरी लागली की कर." ती हसली नाही. मला वाटले, स्वाभिमानी मुलगी आहे, मदतीचे ओझे होत असावे. मी तिला चहा दिला, तो तसाच ठेवून ती गेली.

नंतर महाविद्यालयात चौकशी केली. दोन महिन्यांपासून ती रुग्णालयातील प्रात्यक्षिकाला जात नाही. हजेरी अशीच राहिली तर वर्ष जाईल. समितीची बैठक १५ डिसेंबरला आहे. परीक्षेचा ताण, प्रेमप्रकरण, काही असेल ते पालक या नात्याने आपण लेखी कळवावे. मी मुलीच्या बाजूने बोलेन.

हरिहर टिपणीस


मानपाडा
९ डिसेंबर २०२४

टिपणीस साहेब,

प्रेमप्रकरण नाही. असतं तर बरं झालं असतं.

लेखी पाहिजे तर लेखी घ्या. हार्ट अटॅक लिहिलेला तो खोटा होता.

त्या मुलीचं नाव प्रियांका. आमच्या इथल्या टॉवरमधे चौदाव्या मजल्यावर. बँकेत होती, पहिलीच वेळ, सिझर झालेलं. मला मावशी म्हणायची. तेल लावताना एक मिनिट गप्प बसायची नाही. बाराव्या दिवशी म्हणाली, "मावशी, डावी पोटरी फार दुखते हो." बघितलं तर सुजलेली. दुसऱ्या पायाच्या दीडपट. कातडी चकाकत होती आणि हात ठेवला तर गरम. तिची सासू म्हणाली, "पायात वारं शिरलंय. जरा जोर लावून चोळा." बाळंतिणीच्या पायात वारं शिरतं आणि ते टाचेपासून मांडीपर्यंत वर चोळून काढायचं, हे मला माझ्या सासूने शिकवलेलं. शंभर बायांचं मी काढलंय.

पण साहेब, मला माहीत होतं.

जूनमधे ऐश्वर्या घरात मोठ्याने वाचत बसलेली, मालिश कधी करायची नाही त्याची यादी. मी भाजी निवडत होते. मला म्हणाली, "आई, हे ऐक, हे तुझ्या कामाचं आहे. सिझरच्या बाईची एक पोटरी सुजली, गरम लागली, तर हात लावायचा नाही. आत रक्ताची गाठ असते. चोळलं की सुटून फुप्फुसात जाते. सरळ दवाखान्यात पाठवायचं." मी म्हटलं, "एकोणीस वर्षांत एक बाई मेली नाही माझ्या हाताने. तुझ्या मॅडमला विचार, तिने किती बाळंतिणी केल्या." ती म्हणाली, "नको ऐकूस, पण लक्षात ठेव."

लक्षात होतं. प्रियांकाच्या पायावर हात ठेवला आणि तेच आठवलं.

मग मी हिशोब केला. एवढा वेळ लागला नाही जेवढा लिहायला लागतोय. दवाखान्यात पाठवली की ॲडमिट करणार. माझं ते घर बंद. अठ्ठावीस दिवस राहिलेले, म्हणजे सोळा हजार आठशे. फीला मला सतरा कमी पडत होते. एकतीस ऑगस्टची तारीख तुमची, सवलत नाही म्हणून तुम्हीच लिहिलेलं. मी मनात म्हटलं, पुस्तकात काय वाट्टेल ते लिहितात. आणि चोळलं. चार दिवस चोळलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "हलकं वाटतंय मावशी, तुमच्या हाताला गुण आहे."

सोळाव्या दिवशी मी गेले तर वॉचमनने खालीच थांबवलं. सकाळी बाथरूममधून आली, श्वास लागला आणि पडली. दवाखान्यात पोचायच्या आधी गेली. डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं की गाठ फुप्फुसात अडकली, बाळंतपणात होतं असं. चोळण्याचं त्यांना कुणी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

तेराव्याला सासूने मला बोलावलं. पाकीट दिलं. पूर्ण चाळीस दिवसांचे पैसे. म्हणाली, "तुम्ही तिचं फार केलंत." मी घेतले. हो, घेतले. दुसऱ्याच दिवशी फी भरली. तुमच्या दप्तरात जी पावती आहे ती तीच.

ऐश्वर्याला मी सांगायला नको होतं. पण तोंडात राहिलं नाही. ती जेवत होती. म्हटलं, चौदाव्या मजल्यावरची प्रियांका गेली. ती म्हणाली, "कशाने?" मी म्हटलं, कसली गाठ. तिचा घास तिथेच थांबला.

"पाय सुजलेला?"

"थोडा."

"एकच? गरम होता?"

मी तिच्या ताटात भाजी वाढली.

"तू चोळलास?"

मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "आई, दुखणारा पाय समोर आला आणि तू हात लावला नाहीस, असं कधी झालंय?" मग तिने विचारलं, "फीचे कमी पडत होते ना? कुठून आले?"

तेही सांगितलं. ती उठली, हात धुतला, पावतीचा मोबाईलवर काढलेला फोटो बराच वेळ बघितला. आणि सान्वीकडे गेली. ताटात अर्धी भाकरी होती.

नंतर एकदाच बोलली फोनवर. दवाखान्यात तिला एक बाई दिलेली, ऑपरेशन झालेली, पाय हलवायला शिकवायचं. साधं काम. पण हिचा हात पायापर्यंत जाईना. मॅडम म्हणाल्या, अगं धर ना. तिला धरता येईना. मला म्हणाली, "माझं हे वर्ष तिच्या पैशाचं आहे, आई. मी कुणाचा पाय धरू?"

हे समितीला वाचून दाखवा नाहीतर पोलिसांना द्या. मला आता लिहायचा कंटाळा आलाय.

गोदूबाई


टेंभी नाका, ठाणे
१४ जानेवारी २०२५

गोदूबाई,

आपले पत्र मी समितीपुढे ठेवले नाही. सोबत परत पाठवत आहे. ते आमच्या दप्तरात असू नये.

माझे एक स्नेही निवृत्त डॉक्टर आहेत. नावगाव न सांगता मी त्यांना विचारले. ते म्हणाले, गाठ आधीपासूनच होती. चालण्यानेसुद्धा सुटू शकते. न चोळताही ती मुलगी गेली असती का, हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. हे शब्द कृपया ऐश्वर्याला सांगा. समितीत मी "प्रकृतीच्या कारणास्तव एक वर्षाची सवलत" असा ठराव मांडला व तो संमत झाला. पुढल्या वर्षी ती पुन्हा सुरुवात करू शकेल.

तीस वर्षे मी ती तारीख पाळत आलो. मला वाटे, शिस्तीने माणसे उभी राहतात.

हरिहर


मानपाडा
२२ एप्रिल २०२५

टिपणीस साहेब,

तुमच्या डॉक्टरांचे शब्द मी सान्वीकडे जाऊन ऐश्वर्याला वाचून दाखवले. तिने पूर्ण ऐकले. मग विचारलं, "त्यांनी हे सांगितलं का, की दवाखान्यात नेली असती तर जगली असती?" मी म्हटलं, ते पत्रात नाही. ती म्हणाली, "नसणारच."

तुमच्या सवलतीचा उपयोग झाला नाही. गेल्या महिन्यात तिने सीट रद्द करायचा फॉर्म आणला. पालकाची सही लागते म्हणून आली, नाहीतर आली नसती. मी हातापाया पडले. हे पलंगावरून उठले आणि तिला म्हणाले, "पोरी, माझी कंबर कोण बघणार?" ती रडली, पण फॉर्म परत घेतला नाही. मी सही केली. आता कॉलेज म्हणतं, मधेच सीट सोडली तर चौथ्या वर्षाचीही फी भरा, मगच बारावीचे दाखले परत. ती वागळे इस्टेटला एका कंपनीत गोळ्यांच्या पाकिटांवर लेबलं लावते. मी काम सोडलेलं, ते परत धरलं. दोनच घरं. फी भरायची आहे, न शिकण्याची.

पण एक करते. तेल लावायच्या आधी दोन्ही पाय शेजारी ठेवून बघते.

मागच्या शुक्रवारी टॉवरमधल्या एका घरी नवव्या दिवसाची बाळंतीण. उजवी पोटरी सुजलेली, गरम. मी हात काढून घेतला. सासूला म्हटलं, "मी चोळणार नाही. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे न्या." ती म्हणाली, "दवाखान्यात तुमचं कमिशन आहे का बाई?" मी म्हटलं, कमिशन नाही, पण ही मरेल. त्यावर नवरा आतून आला आणि मला शुभ बोला म्हणून बाहेर काढलं. नऊ दिवसांचे पैसे दारात दिले.

मी ऐश्वर्याला फोन लावला. तिने चार महिन्यांत माझा फोन उचलला नव्हता, तो उचलला. सगळं विचारलं आणि म्हणाली, "आई, मी येते, तिथेच थांब." अर्धा दिवस टाकून रिक्षाने आली. आम्ही दोघी वर गेलो. तिने बेल वाजवली. अशी छान बोलली साहेब, तुम्ही ऐकायला पाहिजे होतं. आवाज चढवला नाही. गाठ कशी होते, कुठली तपासणी करायची, किती वेळ लागतो, सगळं त्या माणसाला समजेल असं सांगितलं. तो ऐकत होता. मला वाटलं, झालं, नेतोय.

मग त्याने विचारलं, "तुम्ही डॉक्टर आहात का?"

ऐश्वर्या म्हणाली, "नाही."

"फिजिओथेरपिस्ट? नर्स?"

"नाही."

"मग काय आहात?"

मी मधे पडून म्हटलं, शिकत होती ती, तीन वर्षं. तो म्हणाला, "होती ना?" आणि दार लावलं.

आम्ही गेटपाशी उभ्या राहिलो. ऐश्वर्याने तीनदा वर फोन लावला, त्यांनी आमचा नंबर ब्लॉक करून टाकला. अकराच्या सुमारास एक बाई आली, माझ्याच वयाची, हातात तेलाची पिशवी. मी ओळखलं, माझ्या जागी बोलावलेली. तिला थांबवलं आणि हात जोडून सांगितलं, बाई, त्या पायाला हात लावू नका. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "तुमचं काम गेलं म्हणून माझं कशाला घालवता?"

आणि सामानाच्या लिफ्टकडे गेली.

गोदूबाई